नाव राखले, बियाणे कोण राखणार?

फेब्रुवारी महिना सरत आला की वडखळहून अलिबागकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसू लागतात. मुंबईहून आलेली वाहने थांबतात, भाव विचारला जातो, थोडी घासाघीस होते आणि माळ गाडीत जाऊन पडते. अलीकडे या विक्रीच्या ठिकाणी एक नवा शब्द ऐकू येतो : 'मानांकन'. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळावे म्हणून २०१९ मध्ये अर्ज करण्यात आला आणि सप्टेंबर २०२१ मध्ये ते मिळाले. रायगडच्या किनाऱ्यावरील कष्टकऱ्यांच्या एका जुन्या पिकाला राष्ट्रीय मान्यता लाभली, याचा आनंद सर्वांनाच झाला आणि तो रास्तही होता.

या आनंदात एक प्रश्न मात्र मागे पडला आहे. मानांकनाने कांद्याचे नाव सुरक्षित केले. त्या नावाच्या मागे उभे असलेले बियाणे कोणाच्या हाती आहे, आणि पुढील पिढीपर्यंत ते पोहोचेल काय? आजच्या लेखात आम्ही या प्रश्नाचा विचार करणार आहोत.

एका बियाण्याचा दोन वर्षांचा प्रवास

प्रथम हे पीक समजून घेऊ. अलिबाग तालुक्यातील कार्ले, खंडाळे, नेहुली, वाडगाव आणि आसपासच्या गावांत भाताची कापणी झाली की त्याच शेतात, जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर हा कांदा घेतला जातो. कुलाबा जिल्ह्याच्या १८८३ च्या गॅझेटियरमध्ये त्याचा उल्लेख आढळतो. याचा अर्थ असा की, ब्रिटिश अधिकारी नोंद करण्यासाठी येथे आले तेव्हाही हा कांदा येथे नांदत होता. तिखटपणा कमी, चव गोडसर, कच्चा खाल्ला तरी डोळ्यांत पाणी येऊ न देणारा, अशी त्याची ख्याती आहे.

कांदा हे एका वर्षात आपले जीवनचक्र पूर्ण करणारे पीक नव्हे. पहिल्या हंगामात बियाण्यापासून कांदा तयार होतो. त्यातले निवडक, घट्ट, एकसारखे कांदे शेतकरी बाजूला काढतो. ते संपूर्ण पावसाळाभर, कोकणातल्या त्या दमट हवेत, कुजू न देता सांभाळावे लागतात. पावसाळा संपल्यावर ते पुन्हा जमिनीत लावले जातात, त्यांना डेंगळे फुटतात, डेंगळ्यांवर पांढऱ्या फुलांचे गोंडे येतात आणि त्या गोंड्यांत काळे बी भरते. ते बी उन्हाळ्यात उतरवून पुन्हा एक पावसाळा घरात जपायचे आणि त्यानंतर रोपासाठी टाकायचे. बियाण्यापासून बियाण्यापर्यंतचा हा प्रवास दोन वर्षांचा आहे आणि त्यात दोन पावसाळे येतात.

शिवाय कांद्याचे बी अल्पायुषी असते. साध्या घरगुती साठवणीत वर्षभरातच त्याची उगवणशक्ती झपाट्याने घटते. भाताचा किंवा वालाचा दाणा चुकून एखादे वर्ष पेरायचा राहिला तरी शेतकऱ्याला सावरण्याची संधी असते. कांद्याचे बी अशी सवलत देत नाही. दर वर्षी कोणीतरी ते नव्याने तयार केलेच पाहिजे.

मानांकन काय करते, काय करीत नाही

भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ चा आहे आणि तो २००३ पासून अमलात आला. त्या कायद्यानुसार, ठरावीक प्रदेशाबाहेर पिकलेला माल त्या प्रदेशाच्या नावाने विकणे हा गुन्हा ठरतो. नोंदणी दहा वर्षांची असते आणि तिचे नूतनीकरण करता येते. उत्पादकांनी अधिकृत वापरकर्ते म्हणून आपली नावे नोंदवायची असतात. परगावचा पांढरा कांदा आणून तो अलिबागचा म्हणून विकण्याची जी जुनी तक्रार होती, तिच्यावर आता कायद्याचा इलाज उपलब्ध आहे. ही जमेची बाजू आम्ही नाकारीत नाही.

परंतु हा कायदा व्यापारातील नावाचा आहे. शेतकऱ्याच्या घरात बी आहे की नाही, ते शुद्ध आहे की नाही, हे पाहण्यासाठी तो प्रत्येक वर्षी दारात येत नाही. नाव आणि वस्तू यांची फारकत किती सहज होते, हे वसई धर्मप्रांतातील वाचकांना आम्ही वेगळे सांगावयास नको. 'वसईची केळी' ही आरोळी मुंबईत आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो. वसईच्या वाड्या आटल्या, विहिरींचे पाणी टँकरने नेले गेले, बागांच्या जागी इमारती आल्या, तरी आरोळी थांबली नाही. टोपलीतील केळी कोठून आली, हे ना विकणाऱ्याने सांगितले, ना घेणाऱ्याने विचारले. राजेळी केळ्यांची सुकेळी ज्यांच्या घरी उन्हात वाळत असत, त्या कुटुंबांना नाव उरणे आणि वाण उरणे यांतील अंतर अनुभवाने ठाऊक आहे.

अलिबागच्या कांद्याबाबत आणखी एक सूक्ष्म धोका आहे. मानांकनामुळे चांगल्या कांद्याला चांगला भाव येऊ लागला. मग सर्वांत चांगला कांदा माळेत गुंफून विकावा, असे वाटणे स्वाभाविक आहे. बियाण्यासाठी उरतो तो मागे राहिलेला कांदा. पूर्वजांनी उलट केले होते. सर्वोत्तम कांदा त्यांनी विकला नाही, खाल्लाही नाही, पुढच्या बियाण्यासाठी ठेवला. अशी निवड अनेक पिढ्या चालली म्हणून हा वाण घडला. ही निवड उलटी फिरली तर, नाव कागदावर तसेच राहूनही, वाण हळूहळू खालावत जाईल. चांगल्या भावाचा परिणाम वाईट बियाण्यात व्हावा, यासारखा दैवदुर्विलास नाही.

टोमॅटो आणि कांदा

जुन्या वाणांच्या जतनाची चळवळ जगात विशेष गाजली ती टोमॅटोमुळे. टोमॅटो मूळचा अमेरिका खंडातला. मिरची, पेरू, काजू यांच्याप्रमाणे तोही समुद्र ओलांडून आपल्याकडे आला आणि आमटीपासून कोशिंबिरीपर्यंत सर्वत्र रुळला. आज बाजारात येणारा टोमॅटो बहुतांशी संकरित आहे. लांबच्या प्रवासात न फुटणारी जाड साल, सारखा आकार आणि टिकाऊपणा हे त्याचे गुण व्यापाराला सोयीचे आहेत. त्याचे बी काढून पेरले तर पुढच्या पिढीत ते गुण एकसारखे उतरत नाहीत, म्हणून शेतकऱ्याला दर हंगामात दुकानाची पायरी चढावी लागते. पातळ सालीचा, आंबटगोड गावठी टोमॅटो परसदारापुरता उरला आहे.

अमेरिकेत १९७५ मध्ये डायन आणि केंट व्हीली या दांपत्याने बियाणे जपणाऱ्यांचे एक मंडळ सुरू केले, जे पुढे 'सीड सेव्हर्स एक्स्चेंज' या नावाने प्रसिद्ध झाले. त्याची सुरुवात झाली ती डायन यांच्या आजोबांनी सोपवलेल्या एका फुलवेलीच्या आणि एका गुलाबी टोमॅटोच्या बियांपासून. आजोबांच्या आईवडिलांनी स्थलांतर करताना ही बियाणी जर्मनीतील बव्हेरियातून सोबत आणली होती. एका कुटुंबाने मूठभर बी जपले आणि त्यातून हजारो वाणांचा संग्रह उभा राहिला.

हे उदाहरण प्रेरक आहे. पण ते जसेच्या तसे अलिबागला लागू पडत नाही. टोमॅटोचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते आणि त्याचे बी नीट वाळवून ठेवल्यास काही वर्षे टिकते. त्यामुळे एखादी आजी आपल्या परसात, कोणाच्याही मदतीवाचून, एक वाण जन्मभर शुद्ध राखू शकते. कांद्याचे तसे नाही. कांद्याच्या फुलांचे परागीभवन मधमाश्या आणि इतर कीटक करतात आणि मधमाशी बांध ओळखत नाही. बियाणे शुद्ध राखायचे तर दुसऱ्या वाणाचे फुललेले शेत सुमारे अर्धा ते एक किलोमीटर दूर असले पाहिजे, असे बीजोत्पादनाचे तंत्र सांगते. शेजाऱ्याने बाहेरून आणलेला कांदा डेंगळ्यावर सोडला तर आपले बी बाटते. लाल कांद्याचा संकर झाला तर पुढच्या पिकात रंगीत कांदे डोकावतात आणि चूक तरी कळते. दुसऱ्या पांढऱ्या वाणाचा संकर झाला तर डोळ्यांना काहीच दिसत नाही. बी काळे, कांदा पांढरा, सारे पूर्वीसारखेच. बदल कळतो तो जिभेला, आणि तोवर उशीर झालेला असतो.

म्हणूनच आम्ही असे म्हणतो की, टोमॅटोचे बियाणे एक घर राखू शकते; कांद्याचे बियाणे राखावयास गाव लागते. अलिबागच्या कांद्याचा प्रश्न एखाद्या निष्ठावंत शेतकऱ्याच्या व्यक्तिगत चिकाटीवर सोडून देता येणार नाही, याचे कारण हेच आहे.

जुने वाण कशासाठी?

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. संशोधन संस्थांनी उत्तम वाण दिलेले आहेत. राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संस्थेचे भीमा श्वेता, भीमा शुभ्रा यांसारखे पांढरे कांदे शेतकऱ्यांना उपयोगी पडत आहेत. सुधारित बियाण्यांनी या देशाला दुष्काळाच्या भीतीतून बाहेर काढले, हा इतिहास आहे. मग जुन्याचा एवढा आग्रह का? शेतकऱ्याने वस्तुसंग्रहालयाची राखण करीत बसावे काय?

या आक्षेपाला उत्तर किनाऱ्यावरच सापडते. रायगडच्या खारेपाटात, जेथे भरतीचे पाणी बांध फोडून शेतात शिरते, तेथे काळा राता, भुरा राता अशा नावांचे लाल तांदळाचे भात पूर्वीपासून घेतले जात. उत्पन्न बेताचे, पण खारट जमिनीत तग धरण्याची ताकद मोठी. पुढे संशोधकांनी क्षार सहन करणारे सुधारित भात निर्माण केले, तेव्हा त्यांना हा गुण मिळाला तो अशा गावठी भातांतूनच. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राच्या वाणाच्या वंशावळीत भुरा राताचा वाटा आहे. निरक्षर मानल्या गेलेल्या आगरी-कोळी शेतकऱ्यांनी तो जपला नसता तर शास्त्रज्ञांनी तो कोठून आणला असता? जुने वाण आणि नवे संशोधन यांच्यात वैर नाही. पहिले हे दुसऱ्याचे भांडवल आहे. समुद्राची पातळी वाढत असताना या भांडवलाची गरज वाढणार आहे.

भांडवल संपले तर काय होते, हे आयर्लंडने भोगले. तेथील गरीब जनता प्रामुख्याने बटाट्याच्या एकाच वाणावर जगत होती. १८४५ मध्ये करप्याची साथ आली आणि पिकात विविधता नसल्यामुळे ती अडवणारे काहीच उरले नव्हते. सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व रोगांनी मेली आणि तितक्याच लोकांनी देश सोडला. त्याच रोगाचा कारक आजही टोमॅटोवर आणि बटाट्यावर येतो. हा इतिहास अन्नाच्या राजकारणाचाही आहे, कारण त्याच काळात आयर्लंडमधून धान्य निर्यात होत होते. तथापि एका वाणावर विसंबण्याचा धडा त्यात आहेच.

आणि चवीचे मूल्यही कमी लेखू नये. इजिप्तमधून सुटून आलेल्या इस्राएल लोकांनी अरण्यात ज्या पदार्थांची आठवण काढली, त्यांत कांदा होता, असे गणना या ग्रंथाच्या अकराव्या अध्यायात आपण वाचतो. माणूस गावाला मुकतो तेव्हा त्याची जीभ गाव शोधत राहते.

संकट कोठून येत आहे?

मांडव्याला मुंबईहून वाहने घेऊन येणारी रो-रो सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली. सुमारे २२ किलोमीटर लांबीच्या अटल सेतूचे उद्घाटन १२ जानेवारी २०२४ रोजी झाले. मुंबई जवळ आली. कांद्याला गिऱ्हाईक मिळाले, हे खरे. पण ज्या शेतात कांदा पिकतो, त्या शेतालाही गिऱ्हाईक मिळाले. भातशेतीच्या उत्पन्नाशी जमिनीच्या भावाची तुलनाच होऊ शकत नाही. जमीन विकणाऱ्या कुटुंबाला दोष देण्याचा अधिकार आम्हाला नाही. मुलीचे शिक्षण, आजारपण, घराची डागडुजी यांचे हिशेब त्या कुटुंबालाच करावे लागतात. परंतु शेत विकले गेले की केवळ एक सातबारा बदलत नाही. त्या घरातले बियाणेही त्या वर्षी संपते, कारण कांद्याचे बी वाट पाहत नाही.

दुसरे संकट हवामानाचे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, हजारो घरांची छपरे उडाली. आपण तेव्हा झाडे मोजली, पत्रे मोजले. जून महिन्यात उतरवलेले कांद्याचे बी आणि बियाण्याचे कांदे दोन्ही घरातच टांगलेले असतात, हे फारसे कोणाच्या लक्षात आले नसेल. ज्या वाणाचा सारा ठेवा काही गावांच्या छपरांखाली आहे, तो वाण एका रात्रीत धोक्यात येऊ शकतो.

काय करता येईल?

पहिली गोष्ट कायद्याची. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम २००१ च्या कलम ३९ अन्वये शेतकऱ्याला आपले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाण करण्याचा आणि कंपनीच्या मुद्रेविना विकण्याचाही हक्क आहे. शेतकऱ्यांनी जोपासलेल्या वाणांची नोंदणी करण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. १९६६ च्या बियाणे कायद्याच्या जागी नवा कायदा आणण्यासाठी केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये मसुदा प्रसिद्ध केला. बियाण्यांच्या बाजारातील फसवणुकीला आळा बसलाच पाहिजे. पण घरच्या बियाण्याची शेजाऱ्याशी होणारी देवाणघेवाण कोणत्याही कायद्याने अवघड होता कामा नये. लोकप्रतिनिधींना हे सांगणे हे नागरिक या नात्याने आपलेही काम आहे.

दुसरी गोष्ट गावाची. ज्या गावांत हा कांदा होतो, तेथे बियाण्यासाठी एक सामायिक राखीव क्षेत्र ठरवावे, फुलोऱ्याच्या काळात त्याच्या आसपास बाहेरचा कांदा डेंगळ्यावर सोडू नये, आणि माळेच्या वाढीव भावातील काही वाटा उत्तम कांदे बियाण्यासाठी मागे ठेवणाऱ्या शेतकऱ्याला मिळावा. त्याने न विकलेला कांदा हा त्याचा तोटा आहे आणि फायदा सर्व गावाचा आहे. मग भार एकट्याने का वाहावा? त्याच बियाण्याचा एक हिस्सा कृषी विद्यापीठाच्या आणि राष्ट्रीय जनुक पेढीच्या शीतगृहात ठेवावा, म्हणजे वादळ आले तरी मूळ हाती राहील.

हे स्वप्नरंजन नव्हे. अहिल्यानगर जिल्ह्यातील कोंभाळणे या आदिवासी गावच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी गावठी बियाणी गोळा केली, 'बायफ' संस्थेच्या साहाय्याने बियाणे बँक उभारली, इतर स्त्रियांना जोडून घेतले. 'बीजमाता' म्हणून त्यांची ओळख झाली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आणि गावांनी एकत्र येण्याबद्दल अलिबाग तालुक्याला तर कोणी शिकवावयास नको. याच तालुक्यातील चरी गावात, नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली, खोतांच्या जाचाविरुद्ध शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ असा सहा वर्षे संप केला. उपास सोसले, पण एकी सोडली नाही. ज्या कष्टकऱ्यांनी जमिनीसाठी एवढे केले, त्यांच्या नातवंडांना बियाण्यासाठी चार गावांची बैठक घेणे अशक्य नाही.

तिसरी गोष्ट आपली, ग्राहकांची. माळ घेताना 'बी घरचे आहे का?' एवढा एक प्रश्न आपण विचारू शकतो. तो प्रश्न शंभर जणांनी विचारला तर विक्रेत्याला उत्तर ठेवावे लागेल.

दिवंगत पोपमहोदय फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये 'लाउदातो सी' या परिपत्रकात लहान उत्पादकांच्या वैविध्यपूर्ण शेतीकडे जगाचे लक्ष वेधले आणि तिला आधार देण्याचे आवाहन केले. मुंबई परिसरातील अनेक धर्मग्रामांत ऑक्टोबरमध्ये आगेरा साजरा होतो, भाताच्या नव्या लोंब्या वेदीपाशी आणल्या जातात. त्या दिवशी लोंब्यांसोबत घरोघरची बियाणीही आणली, मिस्सानंतर मंडपात त्यांची देवाणघेवाण झाली, तर सणाचा मूळ अर्थ अधिक उजळेल. वसई, उत्तन, अलिबाग, कोर्लई येथे कोणाच्या परसात वाल असेल, कोणाकडे गावठी वांगे, कोणाकडे पातळ सालीचा टोमॅटो. एका मुठीत मावणारे बी दुसऱ्या घरी गेले की त्या वाणाला दुसरे छप्पर मिळते.

कोर्लईचे नाव सहज आले नाही. मुरूड तालुक्यातील त्या गावी आपल्या ख्रिस्ती बांधवांनी पोर्तुगीज वळणाची एक भाषा जपली आहे. १७४० मध्ये पोर्तुगीज चौल सोडून गेले. राज्य गेले, दरबार गेला, पण हजाराच्या आसपास माणसांच्या त्या वस्तीत ती भाषा उरली, कारण आयांनी ती लेकरांशी रोज बोलली. तिला कोणी मानांकन दिले नव्हते. जे रोज वापरले जाते आणि हातातून हातात दिले जाते, तेच टिकते. बियाण्यालाही हाच नियम लागू आहे.

पुढील हंगामात वडखळच्या रस्त्यावर माळा पुन्हा टांगलेल्या असतील. त्यातली एक माळ कोणीतरी विकायची नाही म्हणून आत, माजघरात टांगून ठेवलेली असावी, अशी आमची प्रार्थना आहे; आणि ती न विकणाऱ्या घराला गावाने आणि आपण सर्वांनी साथ द्यावी, अशी आमची विनंती आहे.